ढोल आणि नरक

"रेव्हरंड, गणपतीपुढे ढोल वाजवला तर मी नरकात जाईन का?"

मैत्रिणींनी डेअर दिलं म्हणून ज्ञानदाने विचारून टाकलं. चर्चच्या मागच्या बाकावर त्या दोघी तोंड दाबून हसत होत्या. ज्ञानदाला मात्र हसू येत नव्हतं. वर्गातल्या एकीने छातीठोकपणे तसं सांगितल्यापासून ती ढोल-ताशा पथकाच्या प्रॅक्टिसला गेलीच नव्हती, आणि घरी "अभ्यास आहे" म्हणून मोकळी झाली होती.

रेव्हरंड मॅकब्राइड अमेरिकेतल्या कॅरी शहराजवळच्या त्या जुन्या, प्रेसबिटेरियन पंथाच्या चर्चचे निवृत्त पास्टर. चर्चचा सगळा इतिहासही त्यांनीच लिहिलेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"याच चर्चने एकदा एका माणसाला हाकलून दिलं होतं, पोरी. लग्नात व्हायोलिन वाजवलं म्हणून. तू नरकात जाणार, असं भर सभेत सुनावलं त्याला."

"मग? गेला तो?"

"ते ठरवणारे आम्ही कोण? मी पुस्तकात एवढंच लिहिलं, की त्याचा पणतू पुढे याच चर्चचा पास्टर झाला." त्यांनी कपाटातून एक जुनं व्हायोलिन काढून तिच्या हातात दिलं. "हे माझ्या पणजोबांचं. मी अजून वाजवतो."

ज्ञानदाचा जीव असा काही भांड्यात पडला, की घरात शिरताना तिला बूट काढायचंही भान राहिलं नाही.

"आई, बाबा, मी उद्यापासून पथकात परत जाणार! आणि एक फेटा जास्त आणा. मिरवणुकीत रेव्हरंड आजोबा व्हायोलिन घेऊन येतायत."