भार्गवरावांचा पाहुणा

बायकोचं वर्षश्राद्ध उरकून मुलगी पुण्याला परतली आणि भार्गवरावांचं घर पुन्हा मुकं झालं. एका सकाळी ते स्वयंपाकघरात गेले, तर खिडकीतून आलेलं माकड ओट्यावर ऐटीत बसून केळी खात होतं.

“अरे मेल्या, हात तरी धुतलेस का?” भार्गवराव ओरडले. कितीतरी दिवसांनी ऐकलेला स्वतःचा आवाज त्यांना परकाच वाटला. मग मात्र तोंड सुटलं. भाजीत राहून जाणारं मीठ, दुखरा गुडघा, मुलीचा न आलेला फोन, सगळं त्यांनी सांगून टाकलं. माकड सालं टाकत निवांत ऐकत होतं.

कुंपणापलीकडून शेजारच्या इंदूवहिनींनी हाक मारली, “भाऊजी, काठी घ्या न् हाकला त्याला! लाड केलेत तर रोज येईल!”

“रोज येईल?” भार्गवरावांनी विचारलं, आणि उरलेला घड हळूच त्याच्यापुढे सरकवला.