वाजणारी फळी

“तू आज नाही गेलीस तरी चालेल,” सुधाकर बुटाच्या नाड्या बांधता बांधता म्हणाला. “डोकं दुखतंय म्हणून कळवून टाक.”

“आणि निर्मलाताई तिथे काय काय सांगतील, ते मला कोण सांगणार?” गौरीने पर्स उचलली. “मी जाणारच.”

सुधाकरने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. बँकेच्या बदल्यांपायी सत्तावीस वर्षं बायकोला गावोगाव हिंडवल्यावर तिच्या ‘जाणारच’पुढे काही चालत नाही, हे तो शिकला होता.

कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या निर्मलाच्या घरापर्यंत टॅक्सीला पाऊण तास लागला. गौरी खिडकीबाहेर बघत होती, पण तिला दिसत काही नव्हतं. गेल्या जूनमध्ये महिला मंडळात इंग्लंडच्या तळ्यांवर तासभर बोलून तिने सगळ्यांना गार केलं होतं. विंडरमिअर तळ्यातली बोट, दगडी घरं, काठापर्यंत उतरत जाणारी फुलांची बाग. फोटो दाखव म्हटल्यावर ती म्हणाली होती, “डोळे भरून बघायचं सोडून फोन कोण धरून बसेल?” हे वाक्य पुढे मंडळातल्या बऱ्याच जणी आपलं म्हणून वापरायला लागल्या. तेव्हापासून कोलकात्याच्या मराठी घरांत इंग्लंडचा विषय निघाला की माना गौरीकडे वळत.

आणि आता निर्मला त्याच तळ्यांवर बारा दिवस राहून आली होती.

दार निर्मलाच्या सुनेने, तेजस्विनीने उघडलं. आत सातआठ जणी जमल्याच होत्या. मंडळाच्या अध्यक्ष सरलाताईंनी गौरीला बरोबर आपल्या शेजारी, निर्मलाच्या समोर बसवलं.

निर्मला थोडी उतरलेली दिसत होती. एरवी कडक साडीशिवाय न दिसणारी ही बाई आज सैल कुर्त्यात होती. “तिकडे सवय लागली,” ती हसून म्हणाली. खायलाही तिच्या हातच्या वड्या नव्हत्या, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले सामोसे आणि संदेश मिठाई होती.

“प्रवासाचा शीण अजून गेला नाही बघा,” निर्मला म्हणाली.

“फोटो?” कुणीतरी विचारलं.

“सगळे मुलाच्या कॅमेऱ्यात. तो बंगलोरला गेलाय. आला की दाखवते.”

गौरीने कप खाली ठेवला. तिला जरा बरं वाटलं. फोटो नव्हते.

निर्मला सांगू लागली. तळं केवढं मोठं, पाणी कसं आरशासारखं, हंस कसे थेट हातातला पाव घ्यायला येतात. बायका “अगंबाई” म्हणत होत्या. गौरी मात्र एकेक वाक्य कान देऊन ऐकत होती.

“बोट कुठून घेतलीत?” तिने विचारलं.

“धक्क्यावरून.”

“कुठल्या?”

“नावं कुठे लक्षात राहतात हो? सगळं मुलानेच ठरवलं होतं.” निर्मलाने विषय पावसावर नेला.

“थंडी होती का?” गौरीने पुन्हा विचारलं.

“होती. म्हणजे, सकाळी होती.”

सरलाताई हसल्या. “अगं गौरी, तू काय व्हिसा ऑफिसात बसलीयेस का?” सगळ्या हसल्या. गौरीही हसली. एवढ्यात सरलाताईंनीच नको तो विषय काढला. “बरं, गौरीची ती तळ्याकाठची बाग पाहिलीत की नाही?”

गौरीने बशीतला संदेश उगाच मोडला.

“ती कशी चुकवू?” निर्मला म्हणाली. “गौरीताईंनी सांगितलं होतं तश्शीच. उतारावरची निळी फुलं, खाली पाण्यावर तो हिरवा लाकडी पूल. मधल्या फळीवर पाय पडला की वाजते म्हणाल्या होत्या ना? मी मुद्दाम दोनदा वाजवून आले.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सरलाताईंनी गौरीच्या मांडीवर थाप मारली. “बघ! पूल आहे तिथेच आहे!”

गौरी निर्मलाकडे बघत राहिली. निर्मलाने नजर वळवली, “आलेच हं” म्हणाली आणि खुर्चीच्या हाताचा आधार घेऊन, अगदी बेताने उठून आतल्या खोलीत गेली.

दोनच मिनिटांनी गौरीही पाणी प्यायच्या निमित्ताने उठली.

तो पूल जगात कुठेच नव्हता. गेल्या मे महिन्यात हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर, छातीच्या ऑपरेशननंतर कुशीवर वळता येत नव्हतं म्हणून छताकडे बघत पडलेली असताना गौरीने तो मनातल्या मनात बांधला होता. तळी प्रवास कंपनीच्या पुस्तिकेतली, फुलं वॉर्डातल्या टीव्हीवरची. पूल आणि वाजणारी फळी मात्र तिच्या पदरची. मंडळात कुणी आपल्याला ‘बिचारी’ म्हणू नये, एवढ्यासाठी.

निर्मला पलंगाच्या कडेवर डोळे मिटून बसली होती. गौरीने दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “टाके कधी काढले?”

निर्मलाने डोळे उघडले. बाहेर सरलाताई मोठ्याने हसत होत्या.

“मंगळवारी,” निर्मला म्हणाली. मग थोडं सरकून तिने शेजारी जागा केली. “तुम्हाला हात वर करता यायला किती दिवस लागले हो?”