तिसरं सॉफ्टवेअर

त्यानं घरीच थाटलेल्या स्टुडिओला लागून वडिलांची खोली होती, आणि नानांचा दम्याचा खोकला प्रत्येक गाण्यात हजेरी लावायचा.

"नाना, गाणं होईपर्यंत तरी खोकू नका हो."

"माझा खोकला तालात असतो, लेका. तू तुझं बघ," भिंतीपलीकडून उत्तर आलं.

शेवटी त्यानं आवाज गाळणारी सॉफ्टवेअर वापरून पाहायला घेतली, प्रत्येकासाठी गाणं नव्यानं रेकॉर्ड करून. पहिल्यात खोकला जसाच्या तसा आला, दुसऱ्यात बादलीतून आल्यासारखा. तिसऱ्यात मात्र अख्खं गाणं संपलं तरी नावालाही नाही.

"हेच घ्यायचं," तो खुशीत बायकोला म्हणाला आणि तिला फरक कळावा म्हणून गाळणी बंद करून तेच गाणं पुन्हा लावलं.

 

खोकला त्यातही नव्हता.