तिसरं नाव

"बाई, तुमचं म्हणणं खरं होतं," साहेब म्हणाले आणि तिनं शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवलं.

नगरपालिकेचे साहेब स्वतः तिच्या घरी आले होते. सोबत जन्म-मृत्यूच्या खिडकीवरचा कारकून. चार वर्षं याच कारकुनानं तिला 'उद्या या' सांगून सांगून चपला झिजवायला लावल्या होत्या. आज तो शाळेच्या गणवेशांचा ढीग मांडीवर घेऊन अवघडून बसला होता, कारण तो ढीग उचलल्याशिवाय दुसरी खुर्ची रिकामी होत नव्हती. तिनं पाणी दिलं ते त्यानं दोन्ही हातांनी घेतलं. गरज पडली की माणसं किती मवाळ होतात.

तिची छकुली नऊ वर्षांची होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तीतली पोरं जुन्या दगडखाणीत डुंबायला जायची, एक दिवस तीही गेली. खाण नगरपालिकेची, पाणी खोल, भोवती कुंपण नाही. मुलगी बुडाली. डॉक्टरांनी तोंडी तसंच सांगितलं होतं. पण दाखला हातात आला तेव्हा त्यावर लिहिलेलं होतं, 'कड्यावरून पडून मृत्यू'. बुडाली म्हटलं असतं तर कुंपण का नव्हतं, हे कुणीतरी विचारलं असतं. चढून पडली म्हटलं की दोष पोरीचा.

आणि तो पोरीलाच लागला. सासू म्हणाली, "मुलीच्या जातीला एवढा आगाऊपणा कशाला?" नवरा म्हणाला, "सरकारी कागद कशाला खोटं बोलेल?" आणि त्यानंतर त्यानं मुलीचं नाव घेणंच सोडलं. जी पोरगी साध्या स्टुलावर चढायला घाबरायची, तिला सगळी गल्ली कड्यावर चढणारी म्हणून ओळखू लागली. मुलगी गेल्याचं दुःख आईनं कसंबसं गिळलं होतं. हे मात्र तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"आपल्याकडे मोठी बाग होतेय," साहेब सांगत होते. "आणि बागेत पोहण्याचा तलाव. मुलांसाठी उथळ भाग वेगळा, शिकवायला माणूस, सगळं व्यवस्थित. वरून निधी मिळतोय. फक्त आपली गरज किती, ते दाखवावं लागतं. त्याला गुण असतात."

"गरज म्हणजे?"

"उघड्या पाण्यात पाच वर्षांत तीन मुलं बुडालेली हवीत. आपल्याकडे दोनच आहेत."

"एकानं अडलंय," कारकून गणवेशांच्या ढिगावरून म्हणाला.

साहेबांनी पिशवीतून कागद काढला. तिनं अर्जावर सही करायची, की दाखला दुरुस्त. डॉक्टरांशी बोलणं झालं होतं. नवा दाखला आजच्या आज घरपोच मिळणार होता. "हवं तर बागेला तुमच्या मुलीचं नाव देऊ," साहेब म्हणाले.

तिनं कागद वाचला. 'पाण्यात बुडून मृत्यू.' पुन्हा वाचला. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. हा कागद ती संध्याकाळी नवऱ्यासमोर ठेवणार होती. बोलणार काहीच नव्हती, नुसता ठेवणार होती. मग सासूपुढे. समोर बसलेली ही दोन माणसंही तिला त्या घटकेला बरी वाटली. कारकुनानं आपलं पेन टोपण काढून तिच्या हातात दिलं.

"आता खाणीला कुंपणही घालाल ना?" तिनं सहज विचारलं.

"ते गेल्या वर्षीच मंजूर झालंय. पैसेही बाजूला काढून ठेवलेत. मीच थांबवलं." साहेबांच्या आवाजात थोडी ऐट होती. "वरची माणसं पाहणीला येतात, बाई. कुंपण दिसलं की धोका मिटला, आणि धोका मिटला की गुण गेले. निधी हातात पडेपर्यंत खाण आहे तशी ठेवायची."

"म्हणजे किती दिवस?"

"वर्ष धरा. फार तर दीड."

तिनं पेन कागदावर टेकवलं होतं, ते तिथंच राहिलं. "ती दुसरी दोन मुलं कोण?"

कारकुनाला यादी तोंडपाठ होती. "तीन वर्षांपूर्वी भंगारवाल्याचा मुलगा. आणि या उन्हाळ्यात, याच खाणीत, केस कापणाऱ्याची धाकटी. ती आली म्हणून तर दोन झाले, नाहीतर आपला अर्ज टेबलावरही गेला नसता."

त्या धाकटीचा गणवेश तिनंच शिवला होता. वाढत्या अंगाची पोर, म्हणून दोन बोटं सैल ठेवला होता.

"आणि हा अर्ज गेलाच नाही तर?" तिनं विचारलं.

"तर कसली बाग आणि कसला तलाव? मग ते बाजूला काढलेले पैसे गपचूप कुंपणालाच लावावे लागतील." साहेब हसले. "पण असं वाईट कशाला बोलायचं? करा सही."

तिनं पेनाला टोपण लावलं. कागद आणखी एकदा वाचला, अगदी सावकाश, आणि साहेबांपुढे सरकवला.

"चार वर्षं तुम्हाला उगाच त्रास दिला मी," ती म्हणाली. "कार्टी माझी आगाऊच होती. चढायची जिथं तिथं. पडूनच गेली."