बिडाचा तवा

"वहिनी, बक्षीसपत्रावर इथं सही करा," करसल्लागार म्हणाले.

निवृत्तीनंतर दोघांनी पोर्तुगालला कायमचं राहायचं, असं ठरलं होतं. जाण्याआधी नवरा पुण्याचा फ्लॅट बायकोच्या नावावर करतोय, याचं सुहासिनीला कोण कौतुक! "आणि माझे व्हिसाचे कागद?" तिने विचारलं.

करसल्लागार गडबडले. "साहेब एकटेच जाणार ना? तुम्ही इथं राहणार, म्हणून तर फ्लॅट तुम्हाला."

"तुला तिकडे करमणार नाही गं," नवरा खिडकीकडे बघत पुटपुटला.

सहा महिने पोळ्या लाटता लाटता ती मोबाइलवर तिकडची भाषा शिकत होती. कालच लग्नातला बिडाचा तवा तिने शेजारणीला देऊन टाकला होता.

तिने सही केली. "ओब्रिगादा," ती नवऱ्याला म्हणाली. "तिकडे आभार असे मानतात. निघते मी, माझा तवा परत मागायचाय."