दीड महिन्याची उमेदवारी

"पिंटूच?" शाखेची प्रात्यक्षिकं घेणाऱ्या दीपकने यादीवरून मान वर केली. "सर, पिंटूला पिंपळनेरला, चुडामणआबांच्या गॅरेजात? अहो, त्याला साधा नट लांबून दाखवायची सोय नाही."

"पिंटूच," हितेंद्र सर म्हणाले आणि शिफारसपत्राखाली झोकात सही ठोकली.

धुळ्याच्या त्या शाळेतली बारावीच्या ऑटो शाखेची पोरं दिवाळीनंतर दीड महिना गॅरेजांत उमेदवारीला जात. कोण कुठे जाणार, हे हितेंद्र सर ठरवत. आणि पिंटू म्हणजे शाखेवर आलेलं गंडांतर होतं. त्याने शाळेचं इंजिन खोलून पुन्हा बसवलं तेव्हा अकरा बोल्ट उरले. "कंपनीने जास्तीचे दिले असतील, सर," असं म्हणत त्याने ते भंगारात घातले आणि आलेल्या पैशांची भेळ खाल्ली. त्याने हात लावलेला पंखा उलटा फिरे. शिपाई तर देवाची आण घेऊन सांगे, की पिंटू शेजारून गेला तरी शाळेची घंटा मुकी होते.

पत्रात सरांनी लिहिलं होतं : हुशार, होतकरू, हाताला विलक्षण कसब. इंजिन बिनघोर याच्या हवाली करावे.

"चुडामणआबांनी तुमचं काय बिघडवलंय हो?" दीपकने विचारलं.

"जन्म," सर म्हणाले.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी हितेंद्र याच शाळेत शिकत होता. वर्गात तीस पोरं. त्यातून पितांबर सरांनी एकट्या त्याला निवडून, शिफारसपत्र देऊन चुडामणच्या गॅरेजात धाडलं. आणि चुडामण म्हणजे केवढं नाव! साक्री तालुक्यातला ट्रॅक्टर त्याचा हात फिरल्याशिवाय नांगराला लागत नसे. हितेंद्रची छाती फुगली. पहिल्याच दिवशी, कुणी न सांगता, त्याने अख्खं इंजिन खोलून ठेवलं. हुरूपच तेवढा होता! संध्याकाळी चुडामणने इंजिनाकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि त्या हातात म्हशीचा दोर दिला.

मग दीड महिना म्हैस. तिला चारायचं, धुवायचं, गोचिड्या काढायच्या. गॅरेजातली पोरं हाका मारत, "काय मिस्त्री, इंजिन आज किती लिटर पिळलं?" आणि शेवटच्या दिवशी प्रशिक्षणाच्या डायरीत चुडामणचा शेरा : याच्या हाती हत्यार देऊ नये.

हितेंद्रने तेव्हाच ओळखलं, म्हातारा जळतो. गुणाचं पोरगं उद्या शेजारी गॅरेज टाकील, आपलं गिऱ्हाईक ओढील, ही धास्ती. पण त्या एका ओळीने मिस्त्री मेला आणि मास्तर जन्माला आला. मास्तर इंजिन फळ्यावर शिकवी. प्रात्यक्षिकं दीपक घेई. पाना हातात आला की सरांना म्हैस आठवे.

पिंटू पिंपळनेरच्या एसटीत बसला, त्या दिवशी सरांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पुढच्या सोमवारी त्यांनी फोन लावला.

"आबा, पोरगा कसा आहे?"

"गुणी शे," पलीकडून चुडामण म्हणाला.

दुसऱ्या सोमवारी सर म्हणाले, "काही मोडतोड वगैरे?"

"नही रे भो. बठ्ठं झकास शे."

तिसरा सोमवार गेला, चौथा गेला. सगळं आपलं 'बठ्ठं झकास'. सरांचा पट्टा दोन भोकं आत गेला. पिंटू सुधारला की काय? छे! म्हातारा लाजेपोटी झाकतोय. पाचव्या आठवड्यात सर पाहणीला म्हणून निघाले. वाटेत त्यांनी मनातल्या मनात गॅरेजाचे पत्रे उडवले, ट्रॅक्टर आडवे पाडले आणि मधोमध चुडामणला कपाळावर हात मारून बसवला.

गॅरेज जागच्या जागी होतं. ट्रॅक्टर ओळीने उभे होते. ऐंशीला टेकलेला चुडामण खाटेवर बसून चहा बशीत ओतत होता. मागच्या अंगणात पिंटू शीळ घालत म्हैस धूत होता.

सरांच्या मस्तकात तिडीक गेली. "आबा, अजून तेच? पोरं काम शिकायला येतात, म्हशी धुवायला नाही!"

"पहिले बैस. चहा ले," चुडामणने बशी पुढे केली. "पहिल्याच दिनले त्यानी रेडिएटरमा डिझेल वतं. मंग म्हैस दिन्ही. आते म्हैस खूश, पोऱ्या खूश, ट्रॅक्टरबी खूश."

एक रेडिएटर! अठ्ठावीस वर्षं मुरवलेला सूड, आणि त्याची किंमत एक रेडिएटर! सर बशी घेऊन खाटेवर बसले, पण गप्प बसवेना. निदान म्हाताऱ्याला डंख तरी कळला पाहिजे.

"मग ऐका, आबा. मी मुद्दाम पाठवला त्याला. सगळ्या वर्गातला सगळ्यात नाठाळ हुडकून. तुमचं गॅरेज बसावं म्हणून. ते पत्र खोटं होतं, शब्दन् शब्द!"

"ठाऊक शे माले," चुडामणने कपात उरलेला चहा फुंकला. "वाचं तव्हाच समजनं."

"कसं काय?"

"असं पत्र माले याना पहिलेबी येल व्हतं. एक मास्तर व्हता धुळाना. त्यानी बहीणसंगे लगीनले मी जवानीमा नकार दिन्हा. त्याना सूड म्हनीसन त्यानी तीस पोरेस्मातून बठ्ठास्मा येडा पोऱ्या निवडा आन् मनाकडे धाडा."

सर पहिल्यांदाच हसले आणि त्यांनी बशी तोंडाला लावली. "मग? काय झालं त्या पोराचं?"

"काय व्हनार? मास्तर व्हई गया," चुडामण म्हणाला. "आते मना खाटवर बठीसन मनाच चहा पी राहिना."