परतीचं बटण

अण्णांनी पुन्हा कोपऱ्यातलं 'घर' दाबलं. टॅब्लेटवर पुन्हा पहिलं पान आलं.

"अण्णा, ते नको ना. 'भूक' दाबा, 'पाणी' दाबा, काय हवं ते दाबा," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज जरा चढलाच. अर्धांगाच्या झटक्याने वडिलांची वाचा गेली, तेव्हा त्याने खपून ही फाइल तयार केली होती. शब्दावर बोट ठेवलं की त्या शब्दाचं पान उघडायचं. 'दुखतंय' दाबलं की माणसाची आकृती यायची, मग दुखत्या जागी बोट ठेवायचं. वाट चुकली तर पहिल्या पानावर परतायला प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात 'घर' होतंच.

त्याचा पोटापाण्याचा उद्योगच तो. कंपन्यांच्या जाडजूड माहितीपुस्तिकांना तो अशा वाटा करून द्यायचा. वाचणारा कुठे अडकला तर त्यालाच कमीपणा वाटे. आणि इथे सख्खा बाप अडकला होता. बोलून बोलून अख्ख्या गल्लीचं डोकं खाणारा माणूस शुश्रूषा केंद्राच्या खाटेवर पडून एकच बटण दाबत होता.

त्याने बटण लहान केलं. दुसऱ्या दिवशी त्याचा रंग फिका केला, बाकीचे शब्द ठळक केले. अण्णांना वाचता येतं, समजतंही, असं डॉक्टर छातीठोक सांगत होते. तरी त्यांच्या डाव्या हाताचं बोट कोपऱ्यातच जाई.

"अहो अण्णा, ते दाबून घरी नाही जाता येत," शेवटी तो वैतागून म्हणाला.

बोलला आणि त्याने वर बघितलं. अण्णा त्याच्याकडे बघत होते. इतके दिवस ते स्वच्छ शब्दांत सांगत होते आणि हा बटण दुरुस्त करत बसला होता.

पण न्यायचं कसं? त्यांना उचलायला दोन माणसं लागत. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दिवसभर दाराला कुलूप. बायकोशी बोलून झालं, बहिणीशी बोलून झालं. डॉक्टर तर विषयच काढू देईनात. आणि हे अण्णांना सांगायला त्याची जीभ रेटेना.

मग त्याला जमण्यासारखं होतं ते त्याने केलं. 'घर' काढून टाकलं. सिस्टरनी विचारलं तेव्हा म्हणाला, त्या बटणाने त्यांचा गोंधळ होत होता. म्हणताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने टॅब्लेट पुढ्यात धरला. अण्णांनी कोपरा बघितला. दुसरा कोपराही बघितला. मग पहिल्यांदाच त्यांचं बोट मधल्या शब्दांकडे वळलं. त्यांनी 'दुखतंय' दाबलं.

माणसाची आकृती उघडली.

"कुठे दुखतंय, अण्णा?" त्याने घाईघाईने विचारलं.

अण्णांचं बोट आकृतीवरून सरकत पुढे गेलं आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेवर थांबलं.